काळ्यावर पांढरं

उन्हाळ्यातल्या भर दुपारी बीदरहून अष्टूरला जावं. अंतर जेमतेम तीनेक किलोमीटर. शेतांच्या मधोमध बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत, आणि त्यांत डोळ्यांत भरते ती अहमदशहा वलीची. कलबुर्गीची राजधानी बीदरला आणणारा हा सुलतान १४३६ साली वारला. मुसलमान त्याला वली मानतात, लिंगायत अल्लमप्रभू म्हणतात, आणि होळीनंतर भरणाऱ्या त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचा जंगम येतो. त्यावर एक वेगळं पुस्तक होईल. आपल्याला इथं फक्त घुमटाच्या आतला अंधार हवा आहे.

बाहेर ऊन रखरखत असतं. उंबरा ओलांडला की एकदम काही म्हणजे काही दिसत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंत चाचपायला हात पुढे केला होता. राखणदार म्हातारा तिथल्या दख्खनीत म्हणाला, "ठैरो जरा. आँखां कू टैम देव." दिला. आधी कमानींच्या कडा उमटल्या. मग भिंतीवरची वेलबुट्टी, तिच्यातले निळे-हिरवे पट्टे, सोनेरी अक्षरांच्या ओळी. मधले काही भाग मात्र काजळी धरल्यासारखे काळे राहिले. मला वाटलं, धुरानं खराब झाले असतील. तेवढ्यात म्हाताऱ्यानं दाराशी जाऊन उन्हात आरसा धरला. उजेडाचा एक तुकडा भिंतीवरून वर सरकत गेला आणि ते काळे भाग लखलखीत शेंदरी निघाले.

डोळा कसा चालतो हे सांगायला याहून चांगली प्रयोगशाळा मला ठाऊक नाही. भिंत तीच होती, रंग जवळपास सहाशे वर्षांचे होते. दहा मिनिटांत तीनदा बदलला तो माझा डोळा.

शाळेत शिकवतात की अंधारात बाहुली मोठी होते आणि उजेडात लहान. बरोबर आहे, पण हिशेब करून बघा. भर उन्हात बाहुलीचा व्यास साधारण २ मिलिमीटर, अंधारात फार तर ८. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. बाहेरच्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात आणि घुमटाच्या कोपऱ्यात पाच-दहा लक्ससुद्धा नसेल. म्हणजे फरक निदान दहा हजारपट. सोळाच्या जोरावर दहा हजाराची तूट भरून निघत नाही. बाहुली ही दाराची फट आहे, खरं काम आतल्या पडद्यावर होतं.

जाता जाता एक गंमत. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलीच बारकी प्रतिमा दिसते, म्हणून मराठीत ती बाहुली. संस्कृतात कनीनिका, म्हणजे लहान मुलगी. आमच्याकडच्या कानडीत ‘कण्णिन पापे’, तीही बाहुलीच. लॅटिनमधला शब्दसुद्धा छोट्या बाहुलीवरूनच आला आहे. इतक्या भाषांतल्या माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत वाकून एकच गोष्ट पाहिली.

पडद्याला पुस्तकी मराठीत दृष्टिपटल म्हणतात. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्या दिवसाच्या, रंग ओळखणाऱ्या आणि बारकावे टिपणाऱ्या. दांड्यांसारख्या पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधाराच्या. अत्यंत हळव्या, पण रंगाच्या बाबतीत ठार अडाणी. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळट द्रव्य असतं. उजेड पडला की ते फिकं होतं, अंधारात पुन्हा भरून येतं. उन्हातून आत शिरताना माझ्या डोळ्यांतलं बहुतेक ऱ्होडॉप्सिन उडालेलं होतं. शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात, दंडपेशींना पुरता जम बसायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. म्हाताऱ्यानं मागितलेला ‘टैम’ तो हाच.

आणि ते काळे पडलेले भाग? दंडपेशींना निळसर हिरवा उजेड उत्तम कळतो, तांबडा जवळजवळ कळतच नाही. उजेड कमी होत गेला आणि कारभार शंकुपेशींकडून दंडपेशींकडे सरकू लागला की सगळ्यांत आधी तांबड्याचा बळी जातो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. अंधुक उजेडाच्या वेळी तांबडी फुलं काळपट आणि पानं उजळ दिसतात, एवढंच त्याचं निरीक्षण. परसातल्या जास्वंदीवर तुम्हीही ते दिवेलागणीला करू शकता. शेंदरी घुमटाखाली ते जास्त थाटात दिसतं, इतकंच.

ऱ्होडॉप्सिन पुन्हा भरायला अ जीवनसत्त्व लागतं. पोटात पालेभाजी, शेवगा, पपई, दूध, अंडी यांतलं काही गेलं नाही की आधी रात्रीची नजर जाते. खेड्यात याचं निदान डॉक्टरच्या आधी घरच्या बाईला होतं. दिवसभर हुंदडणारं पोर तिन्हीसांजेला उंबऱ्याला अडखळू लागतं. हाच रातांधळेपणा. पुढे दुर्लक्ष झालं तर डोळ्याचा पुढचा भाग कोरडा पडून कायमचा जातो. अ जीवनसत्त्व आणि दृष्टी यांचं रासायनिक नातं उलगडणारे जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं. त्याच पारितोषिकाच्या दुसऱ्या मानकऱ्याची, हार्टलाइन यांची, गाठ पुढे पडणार आहे.

आता जरा दाराबाहेर येऊन डोळा पुढून मागे असा बघू.

सगळ्यांत पुढे पारपटल. मराठीत इथं नावांचा घोळ आहे. ‘बुबुळ’ हा शब्द आपण कधी काळ्या-तपकिरी गोल भागासाठी वापरतो, तर कधी त्याच्यावरच्या पारदर्शक काचेसाठी. नेत्रदानाच्या फलकावर ‘बुबुळ रोपण’ लिहिलेलं असतं तेव्हा ती काच अभिप्रेत असते. रंगीत पडदा म्हणजे परितारिका. तिच्या मधलं भोक ती बाहुली, आणि तिच्यावर घड्याळाच्या काचेसारखं बसलेलं ते पारपटल. मधोमध जाडी अर्धा मिलिमीटरच. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, असती तर जग लाल जाळीतून बघावं लागलं असतं. मग प्राणवायू कुठून? थेट हवेतून, आसवांच्या पातळ थरात विरघळून. आसवं फक्त रडायला नसतात. पापणी दर काही सेकंदांनी ती सारवून घेते.

प्रकाश वाकवण्याचं काम भिंग करतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर दोन तृतीयांश काम हे पारपटलच करून टाकतं. पुरावा हवा असेल तर मांजरेच्या डोहात बुडी मारून डोळे उघडा. सगळं धूसर. हवेतून पारपटलात शिरताना प्रकाश चांगला वाकतो, पाण्यातून शिरताना जवळजवळ वाकतच नाही, कारण पारपटलाची आणि पाण्याची घडण त्या दृष्टीनं सारखीच. पोहण्याचा चष्मा लावला की डोळ्यापुढे हवेचा कप्पा परत येतो आणि तळातले गोटे मोजता येतात.

या काचेचा आमच्या भागातला मोठा शत्रू म्हणजे कुसळ. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण रचणाऱ्यानं कुसळाला फारच हलकं लेखलंय. कलबुर्गीचा मुलूख तुरीचा, बीदरचा तूर, ज्वारी आणि उसाचा. तुरीचा फाटा डोळ्यावर फटकारतो, ज्वारीच्या पात्याची धार ओरखडा काढते, मळणीत कोंडा उडतो. ओरखडा बारीकच, पण झाडपाल्याबरोबर बुरशी आत जाते. मग घरगुती इलाज सुरू होतात. कुणी एरंडेल घालतं, कुणी बाळंतिणीचं दूध, कुणी औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणतं. त्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली ओसरते, माणूस निर्धास्त होतो, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. जखम भरली तरी तिथं पांढरा डाग उरतो. आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. एवढ्या गोड शब्दात एवढं वाईट दुखणं क्वचितच सांगितलं गेलं असेल. ओरखडा उठल्यावर पहिल्या दिवशीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं तर यातले पुष्कळ डोळे वाचतात.

फूल पडलेल्या डोळ्याला उपाय एकच, दुसऱ्याचं पारपटल. रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराचे पहारेकरी या काचेकडे फारसे फिरकत नाहीत, म्हणून हे रोपण मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या मानानं सोपं. माणसावरचं पहिलं यशस्वी रोपण झिर्म नावाच्या डॉक्टरनं १९०५ सालीच केलं होतं. नेत्रदान म्हणजे अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात हा समज अजून जात नाही. बसवतात ते फक्त पारपटल, आणि ते मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावं लागतं. कर्नाटकात हा विषय घरोघर पोचवला तो राजकुमार कुटुंबानं. २००६ साली डॉ. राजकुमार गेले तेव्हा त्यांचे डोळे दान झाले. २९ ऑक्टोबर २०२१ ला त्यांचा मुलगा पुनीत अकाली गेला, त्याचेही. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयातल्या डॉक्टरांनी पुनीतची दोन्ही पारपटलं पापडाचे पदर सोडवावेत तशी विलग केली. वरचा पदर ज्याचा वरचा थर बिघडलाय त्याला, आतला पदर ज्याचा आतला बिघडलाय त्याला. दोन डोळ्यांतून चौघांना दिसू लागलं.

पारपटलामागे परितारिका, तिच्यामागे भिंग. भिंगाची गोष्ट सांगायला आपण परत बीदरात, चौबारा मनोऱ्याजवळच्या बिदरी कारागिरांच्या गल्लीत जाऊ.

बिदरी काम म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी. जस्तात थोडं तांबं मिसळून सुरई, हुक्का, तबक ओततात आणि कानशीनं घासून गुळगुळीत करतात. तेव्हा भांडं राखाडी, चमकदार असतं. त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की वरवर काळेपणा येतो. तो टिकाऊ नसतो आणि टिकवायचाही नसतो. कारागीर टोकदार कलमानं नक्षी कोरतो तेव्हा काळ्यावर पांढरी रेघ उमटावी, एवढ्यापुरताच तो. मग त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची, पुन्हा घासायचं, आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या भिंतींखालची माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडं घोळवायचं. जस्ताचा धातू काळाकुट्ट होतो, चांदी पांढरीच राहते. माती योग्य आहे का, हे जुने कारागीर जिभेवर चव घेऊन ठरवतात. या कलेसाठी बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ ची पद्मश्री जाहीर झाली.

कोरणारा माणूस भांडं डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून तासन्‌तास बसतो. जवळचं स्पष्ट दिसायला भिंग फुगीर व्हावं लागतं. त्याची तऱ्हा उलटी आहे. भिंगाला चहूबाजूंनी बारीक दोऱ्यांनी ताणून धरलेलं असतं आणि दोऱ्या एका गोल स्नायूला बांधलेल्या असतात. स्नायू आवळला की कडं लहान होतं, दोऱ्या ढिल्या पडतात आणि भिंग आपल्या मूळच्या गोलाईवर येतं. म्हणजे लांब बघताना स्नायूला विसावा आणि जवळ बघताना मेहनत. संध्याकाळी कारागीर दारात येऊन समोरच्या मनोऱ्याकडे पाहत बसतो, त्याला विरंगुळा म्हणा, पण त्याच्या स्नायूला तो खराखुरा आराम असतो.

दहा वर्षांच्या पोराला सात-आठ सेंटिमीटरवरचं सुद्धा स्पष्ट दिसतं. चाळिशीत हे अंतर पंचवीसच्या आसपास जातं आणि साठीत मीटरभर. कारण भिंग जन्मभर वाढतं. बाहेरून नवे थर चढत राहतात आणि जुने कांद्याच्या गाभ्यासारखे आत दबत जातात, काहीही टाकून दिलं जात नाही. हळूहळू ते इतकं कडक होतं की दोऱ्या ढिल्या पडल्या तरी फुगत नाही. मराठीनं या अवस्थेला वयाचंच नाव दिलं, चाळिशी, आणि मग चष्म्यालाही तेच. कानडीनं तो शब्द उचलला आणि चष्म्याला ‘चाळीसु’ केलं. सीमेवर कुठल्या गावाचं काय व्हावं यावर भांडणं झाली, या शब्दावर कधी झाल्याचं ऐकलं नाही.

त्याच भिंगातली प्रथिनं वयानं गोळा होऊन गढूळ झाली की मोतीबिंदू. पूर्वी फिरते वैद्य सुईनं ते गढूळ भिंग डोळ्याच्या आत मागे ढकलून द्यायचे. पैसे घेऊन वैद्य पुढच्या गावाला जायचा, डोळा पुढच्या महिन्यात. नंतर भिंग काढून टाकायची शस्त्रक्रिया आली आणि माणसं सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे घालू लागली. त्या काळातला आमच्या कर्नाटकाचा मोठा माणूस म्हणजे डॉ. एम. सी. मोदी. १९१६ साली बिळगीला जन्मलेले, २००५ साली गेले. गावोगाव शिबिरं घेऊन त्यांनी लाखो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १९६८ साली तिरुपतीला एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याचा त्यांचा विक्रम आहे. आजच्या डॉक्टरांना हा आकडा ऐकून घाम फुटेल, आणि कदाचित फुटायलाही हवा. पण ज्या गावात डॉक्टरच येत नव्हता तिथं ते एकटे जात होते, हे विसरून त्यांना मोजता येणार नाही. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची युक्ती लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली पहिल्यांदा केली. महायुद्धात विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं.

माझ्या आजीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पट्टी सुटल्यावर तिनं पहिली तक्रार केली ती लुगड्याची. काळं आहे म्हणून सणावाराला जे लुगडं ती कधी नेसली नव्हती ते निळं निघालं. म्हातारं भिंग पिवळट-तपकिरी होतं आणि निळा उजेड अडवून धरतं. वर्षानुवर्षांच्या सणांचा हिशेब तिनं कुणाकडे मागायचा?

भिंगातून गेलेला प्रकाश मागच्या पडद्यावर उलटं चित्र काढतो. हे बघायला डोळा फोडायची गरज नाही. पत्र्याच्या छपराला भोक असेल तर भुईवर गोल कवडसा पडतो. भोक तिरकं-वाकडं असलं तरी कवडसा गोलच, कारण ते भोकाचं चित्र नसतं, सूर्याचं असतं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आमच्याकडे लिंबाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते, आणि त्या कोरी उलट्या होत्या. डोळ्यातलं चित्र असं उलटं पडतं हे केप्लरनं १६०४ साली गणितानं सांगितलं. पुढच्या काही दशकांत शायनरनं बैलाच्या डोळ्याची मागची बाजू खरवडून ते प्रत्यक्ष पाहिलं. मग आपल्याला जग सुलटं का दिसतं, हा प्रश्न लोकांना शतकभर छळत राहिला. प्रश्नच चुकीचा होता. आत बसून ते चित्र बघणारा कुणी माणूस नाही.

चित्र जातं तरी कुठे? आता पुन्हा सुरई हातात घ्या. घरात बसून पाहिलं तरी चांदी पांढरी आणि धातू काळा. उन्हात नेऊन पाहिलं तरी तेच. पण मोजून पाहिलं तर उन्हातला तो काळा धातू घरातल्या चांदीपेक्षा कितीतरी जास्त उजेड डोळ्यात पाठवत असतो. तरी तो काळा. म्हणजे डोळा उजेड मोजतच नाही. तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक मोजतो.

हे पहिल्यांदा नीट सापडलं ते नाल-खेकडा नावाच्या समुद्री प्राण्यात. त्याचा डोळा ढोबळ असतो आणि एकेक मज्जातंतू सुटा करून तपासता येतो. हार्टलाइन यांना दिसलं की एका बिंदूवर उजेड पडला की तो बिंदू आपल्या शेजाऱ्यांना दाबतो. सगळीकडे सारखा उजेड असेल तर सगळे एकमेकांना दाबून गप्प. जिथं उजेड-अंधाराची सीमा असते तिथं उजेडातल्या पेशीचा एक शेजारी अंधारात, म्हणून दुबळा. तिच्यावरचा दाब कमी, ती जोरात ओरडते. अंधारातली पेशी उजेडातल्या शेजाऱ्याखाली जास्तच दबते. सीमा आहे त्याहून ठसठशीत होते. कुफ्लर यांनी १९५३ साली मांजराच्या दृष्टिपटलात अशीच व्यवस्था दाखवली, आणि आपल्यातही ती आहे. चांदीच्या तारेची कड काळ्या धातूवर जी चिरल्यासारखी तीक्ष्ण दिसते, तिच्यात काही हिस्सा कारागिराच्या कलमाचा आणि काही तुमच्या पडद्याचा. तीच तार पांढऱ्या रुमालावर ठेवा, मळकट दिसेल.

या काटकसरीला कारण आहे. साडेबारा कोटी पेशी एकीकडे, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू अवघे दहा-बारा लाख. सगळं सांगायला जागाच नाही, म्हणून जिथं काही बदलतंय तेवढंच कळवायचं. मोरचूद फिरवणाऱ्या बिदरी कारागिरानं जे ओळखलं होतं त्याला पुढे हार्टलाइन यांचं नोबेल लागलं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरतो, पण पुरता नाही.

दृष्टिचेता जिथून डोळ्याबाहेर पडते तिथं प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. म्हणजे प्रत्येक डोळ्यापुढे एक भोक आहे. बघायचंय? कोऱ्या कागदावर फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर तुरीचा एक दाणा ठेवा. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडे रोखून बघा आणि कागद हळूहळू जवळ-लांब करा. साधारण फूटभर अंतरावर दाणा नाहीसा होतो. त्या जागी भोक दिसत नाही, काळा डाग दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचा कागद पसरून ठिगळ लावतो आणि आपल्याला कळवतही नाही. सतराव्या शतकात मारियोतनं हे शोधलं, तोवर हजारो वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हाच ठिगळ लावायचा गुण काचबिंदूत घात करतो. डोळ्यातला दाब वाढून दृष्टिचेतेचे तंतू कडेकडेनं मरू लागतात, आणि मेंदू इमानेइतबारे ठिगळं लावत राहतो. दुखत नाही, खुपत नाही. बाजूनं येणारी म्हैस दिसली नाही, दाराची चौकट खांद्याला लागली, असं होत राहतं आणि माणूस म्हणतो वय झालं. गेलेले तंतू परत येत नाहीत. चाळिशीचा चष्मा करायला जाल तेव्हा डोळ्यातला दाबही मोजून घ्या, फार वेळ लागत नाही.

आणखी एक ठिगळ याहून मोठं आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुम्हाला खरोखर बारीक दिसतं ते साधारण तेवढंच. पडद्याच्या मधोमध शंकुपेशी दाटीनं भरलेला एक खळगा आहे, स्पष्ट नजर फक्त तिथं. बाकी सगळा अंदाज. डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून तो खळगा इकडून तिकडे नेत असतो आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो.

शिवणारा कारखाना डोक्याच्या पार मागच्या भागात आहे, लहानपणी टपली बसायची तिथं. डोळ्यापासून सगळ्यांत लांब. दोन्ही डोळ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या तारा वाटेत एकमेकींना ओलांडून तिकडे पोचतात. मागच्या बाजूनं डोकं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ना? ते काजवे डोळ्यात नसतात, कारखान्यातच असतात.

हा कारखाना तयार मिळत नाही, चालवून चालवून उभा राहतो. १६८८ साली आयर्लंडच्या मॉलिन्यू यांनी जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याला एक प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाला चेंडू आणि ठोकळा हातानं ओळखता येतो. त्याला अचानक दिसू लागलं तर स्पर्श न करता नुसत्या नजरेनं ते ओळखता येतील का? तीनशेहून जास्त वर्षं यावर वाद झाले. उत्तर निघालं ते भारतातून. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची लगेच चाचणी घेतली गेली, निष्कर्ष २०११ साली आले. हातानं चाचपलेली वस्तू नजरेनं ओळखणं त्यांना जमलं नाही, उत्तरं अंदाजपंचे. डोळे ठाकठीक होते, चित्र पडद्यावर पडत होतं. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी मात्र जमू लागलं.

माझ्या आजीला हा प्रयोग कुणी सांगितला नव्हता. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यावर मी तिला हुमनाबादच्या बस स्टँडवर घेऊन उभा होतो. आम्हाला भालकीला जायचं होतं. आयुष्यभर ती बसच्या रंगावरून आणि कंडक्टरच्या हाळीवरून गाडी ओळखत आली होती. तिनं पांढऱ्यावर काळं केलेलं नव्हतं, ना मराठीत ना कानडीत. एक गाडी येऊन लागली. आजीनं कपाळावर हात न धरता, डोळे न मिचकावता पाटीकडे बघितलं.

"आता समदं निर्मळ दिसायलंय बघ," ती म्हणाली. "काळ्यावर पांढरी पांढरी अक्षरं. वाटोळी वाटोळी, जिलबीवानी. त्या कडंच्या अक्षराला खाली शेपूट हाय."

"हो आजी."

"मग काय लिवलंय ते वाच की."

"कलबुर्गी," मी म्हटलं. आमची गाडी अजून यायची होती.